आजचे चिंतन : पाऊस, सुट्टी आणि गोवर्धन



आज गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५.

आजचे वाचन : श्रीमद्भागवत, दहावा स्कंध, अध्याय २४ आणि २५. सोबत गीता, दुसरा अध्याय, चौदावा श्लोक.

उद्यापासून सलग तीन दिवस सुट्टी. शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, त्याच रात्री कृष्णजन्म, शनिवारी गोपाळकाला आणि मग रविवार. शिवाय श्रावण वद्य अष्टमी म्हणजे आपल्या माऊलींचीही जयंती. परंपरेनुसार त्यांचा जन्म शके ११९७ चा, म्हणजे इ. स. १२७५ चा. यंदा त्याला ७५० वर्षं होत आहेत. इतकं सगळं एकाच वीकेंडला आलंय!

आणि नेमका पाऊसही आलाय. कोकण किनाऱ्याला मुसळधार पावसाचा इशारा आहे. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी ग्रुपवर सध्या एकच चर्चा चालू असेल. अलिबागचं बुकिंग आहे, नागावला खोल्या घेतल्यात, काहींचं काशीदला जायचं ठरलंय, काहींना हरिहरेश्वरला दर्शनाला जायचंय. मग मेसेज येतात. एक म्हणतो, "सगळा मूड गेला यार." दुसरा म्हणतो, "कॅन्सल केलं तर पैसे परत मिळणार का?" तिसरा जरा भाविक असतो. तो म्हणतो, "देवाचं नाव घेऊन निघू. वसुदेवाला यमुनेने वाट दिलीच होती ना!"

या तिघांसाठी आजचं चिंतन आहे. म्हणजे आपल्या सगळ्यांसाठीच, कारण हे तिघेही आपल्याच मनात बसलेले असतात.

आधी पाऊस समजून घेऊ

श्रावणातला पाऊस म्हणजे ऊन-सावलीचा खेळ, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण अधूनमधून श्रावणातही आभाळ चार-पाच दिवस उघडत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, आपल्या किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा जोर धरतो, अरबी समुद्रावरून बाष्प भरलेले वारे येतात आणि सह्याद्रीला धडकून वर चढतात. मग डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, म्हणजे आपल्या उरण, पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बाजूला, पाऊस नुसता ओतत राहतो.

हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की 'जोरदार', ११५.६ च्या पुढे 'अति जोरदार' आणि २०४.५ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. इशाऱ्याच्या रंगांनाही अर्थ असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. बघा, यातला एकही रंग "घाबरा" असं सांगत नाही, आणि एकही "दुर्लक्ष करा" असंही सांगत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

किनाऱ्यावर अशा दिवसांत पारा काही फार खाली जात नाही. पण अंगावरचे कपडे दमट, वारा सतत, अंथरूणसुद्धा गार लागतं. हिवाळ्याची थंडी वेगळी आणि ही ओली थंडी वेगळी. ही हाडात शिरते. शास्त्रात या ओल्या थंडीचा विचार केलेला आहे का? केलाय. आणि एकदा नाही, दोनदा. दोन्ही ठिकाणी बोलणारा कृष्णच आहे.

पहिली थंडी : कुरुक्षेत्रावर

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन कोसळून बसलाय. चौदाव्या श्लोकात भगवंत त्याला सांगतात की इंद्रियांचा विषयांशी स्पर्श झाला की थंड-गरम, सुख-दुःख जाणवणारच. पण हे स्पर्श येणारे-जाणारे आहेत, टिकणारे नाहीत. तू ते सोस.

तिथे एक सुंदर शब्द आहे, 'आगमापायी'. आगम म्हणजे येणं, अपाय म्हणजे निघून जाणं. पाहुण्यासारखं. आणि सोसण्यासाठी जी क्रिया आहे तिच्यातूनच आपला 'तितिक्षा' हा शब्द येतो. तितिक्षा म्हणजे दात-ओठ खाऊन सहन करणं नाही. जे आलंय ते आलंय हे मान्य करून, त्याच्यामागे फरफटत न जाणं.

माऊली ज्ञानेश्वरीत या श्लोकावर थांबून एकेक इंद्रिय घेऊन समजावतात. कानाला स्तुती आणि निंदा, त्वचेला मऊ आणि कठीण, डोळ्याला सुंदर आणि भेसूर, नाकाला सुगंध आणि दुर्गंध, जिभेला आवडतं आणि नावडतं. प्रत्येक दाराशी दोन-दोन पाहुणे उभे. आणि आपण दिवसभर एकाला मिठी मारायला आणि दुसऱ्याला हाकलायला धावत असतो.

इथे एक गोष्ट आपण सहसा वाचून पुढे जातो. श्लोकात फक्त थंडी आणि दुःख सोसायला सांगितलेलं नाही. उष्ण आणि सुखही त्याच यादीत आहे. म्हणजे सुखसुद्धा सोसायचं! सुख कसं सोसायचं, असा प्रश्न पडेल. सुट्टीचं स्वप्न हेही एक सुखच. महिनाभर आधी बुकिंग केलं, तेव्हापासून मन किनाऱ्यावर जाऊन बसलंय. भाताची हिरवीगार खाचरं, गरम भजी, समुद्राचा आवाज, आणि अर्थातच रील. त्या सुखाने आपल्याला इतकं धरून ठेवलंय की आता हवामानाचा इशाराही आपल्याला शत्रू वाटतो. ज्याला सुख सोसता येत नाही, त्याला सुख हुकलं तर ते अजिबातच सोसत नाही.

तेव्हा "मूड गेला यार" म्हणणाऱ्या पहिल्या मित्रासाठी गीतेचं उत्तर सरळ आहे. मूड आला होता, आता गेला, पुन्हा येईल. आगमापायी. तू कुठे गेलास? तू इथेच आहेस ना?

विनोबांनी गीतेवरची प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. विनोबांचा जन्म गागोद्याचा, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातला. तुरुंगातल्या माणसाला सुट्टी कुठली आणि वीकेंड कुठला! पण तिथेच दर रविवारी गीता सांगितली गेली आणि सोबतच्या कैद्यांनी ती ऐकली. जागा आणि हवा मनासारखी असली तरच आनंद, असं असतं तर ते पुस्तक जन्मालाच आलं नसतं.

इथपर्यंत आपल्याला माहीत होतंच. पण आजचा खरा विषय पुढे आहे.

दुसरी थंडी : गोकुळात

आता भागवतात या. दहावा स्कंध, चोविसावा अध्याय. गोकुळात इंद्राच्या यज्ञाची जय्यत तयारी चाललीय. बाळकृष्ण नंदबाबांना विचारतो, ही धावपळ कशासाठी? नंदबाबा सांगतात, पाऊस इंद्र देतो, म्हणून दरवर्षी त्याची पूजा. कृष्ण म्हणतो, आपलं पोट गाईंवर आणि या डोंगरावर चालतं, तर गाईंची, ब्राह्मणांची आणि गोवर्धनाची पूजा करू. आणि जमवलेलं साहित्य वाया घालवायचं नाही, त्याच साहित्यातून ही पूजा करायची. शिजवलेलं अन्न सगळ्यांना द्यायचं, अगदी समाजाने दूर ठेवलेल्यांना आणि कुत्र्यांनासुद्धा.

ऐन वेळी बदललेला कार्यक्रम आहे हा! हे वाक्य बाजूला ठेवा, शेवटी याच्याकडे परत यायचंय.

इंद्र चिडतो. प्रलयाच्या वेळी सोडायचे सांवर्तक नावाचे मेघ तो गोकुळावर सोडतो. सोसाट्याचा वारा, गारा, खांबासारख्या पावसाच्या धारा. उंच-सखल जमीन दिसेनाशी होते. आणि मग व्यासांनी जे चित्र काढलंय ते वाचताना गलबलून येतं. गाई-गुरं गारठून थरथरत आहेत. गोप-गोपी थंडीने कुडकुडत आहेत. आपलं डोकं आणि आपली पोरं स्वतःच्या अंगाने झाकून घेत ते सगळे कृष्णाकडे येतात आणि म्हणतात, आम्हाला वाचव.

आता थांबा. इथे कृष्ण काय म्हणाला?

तोच कृष्ण आहे हा. पुढे कुरुक्षेत्रावर जो अर्जुनाला शीत आणि उष्ण सोसायला सांगणार आहे, तोच. तो इथे म्हणू शकला असता की, "अरे गोपांनो, थंडी ही नुसता इंद्रियांचा स्पर्श आहे, येते आणि जाते, सोसा." तत्त्वज्ञान म्हणून ते चुकीचंही ठरलं नसतं.

पण तो असं एक अक्षरही बोलला नाही. हे सगळे माझ्या आसऱ्याला आलेत, यांना सांभाळणं हे माझं व्रत आहे, असं तो मनाशी म्हणतो आणि एका हाताने डोंगर उचलतो. मग सगळ्यांना सांगतो, आई, बाबा, सगळे आत या, गाई-वासरं, सामानसुमान घेऊन या, डोंगर पडेल अशी भीती धरू नका.

कुडकुडणाऱ्याला त्याने श्लोक दिला नाही. छप्पर दिलं.

एकच देव, दोन उत्तरं

मग कृष्णाचं खरं म्हणणं कुठलं? सोसा, की सोडवा?

दोन्ही. फक्त कुणाची थंडी आहे ते बघायचं. 'सोस' हे गीतेतलं सांगणं एकवचनी आहे. एका माणसाला, त्याच्या स्वतःच्या मनाबद्दल सांगितलेलं. ते माझ्या थंडीसाठी आहे. समोरचा कुडकुडत असेल तर माझ्यासाठी भागवताचा पंचविसावा अध्याय आहे. आपल्या थंडीला तितिक्षा, दुसऱ्याच्या थंडीला गोवर्धन.

आपण नेमकं उलटं करतो. आपली सुट्टी बुडाली की जग बुडाल्यासारखं बोलतो. आणि ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला म्हणतो, "काय करणार, निसर्ग आहे." "भोग आहेत ज्याचे त्याचे." आपल्याला गोवर्धन हवा आणि दुसऱ्याला तितिक्षा. अध्यात्म शिकलेल्या माणसाकडून तर हे जास्तच सहज होतं, कारण त्याच्याकडे द्यायला श्लोक तयार असतात.

आता रायगडच्या किनाऱ्यावर या ओल्या आठवड्यात कुणाकुणाला थंडी वाजतेय ते बघू.

रेवस, बोडणी, थळ, साखर-आक्षी या कोळीवाड्यांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होती. गेल्याच आठवड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला. दोन महिने घरात सुकट-बोंबलावर आणि साठवलेल्या पैशांवर काढले. आता कुठे बोटी बाहेर पडायला लागल्या, तर वारा उठला आणि पुन्हा बंदराला लागायची वेळ आली. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, सगळं अंगावर. या माणसांना तितिक्षा शिकवायला आपण कोण? तीच आपल्याला शिकवतील.

पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत बघा. चतुर्थी २७ ऑगस्टला. मध्ये फक्त १३ दिवस. हवेत इतका ओलावा की शाडूची मूर्ती वाळता वाळत नाही, रंग बसत नाही. पंखे लावून, रात्र-रात्र जागून मूर्ती सुकवायची. आपल्या घरी जो बाप्पा येणार, तो आत्ता कुणाच्या तरी जागरणात वाळतोय.

आणि डोंगराकडची गावं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. दोन्ही वेळा धुवांधार पावसात दरड वस्तीवर आली. तिथे गोवर्धन कुणी उचलला? इर्शाळवाडीला गाडी जाईल असा रस्ता नव्हता. बचाव पथकांबरोबर आसपासच्या गावांतली पोरं आणि ट्रेकर मंडळी चिखलातून, पावसातून चालत वर गेली. यातली कितीतरी तुमच्याच वयाची.

लोककथेत गोवर्धनाखाली गोपही आपापल्या काठ्या लावतात. भागवतात हे नाही, ते लोकांनी आपल्या प्रेमाने जोडलंय. पण त्यात शहाणपण आहे. डोंगर त्यानेच उचललाय, आपल्या काठीने काही उचललं जात नाही, तरीही काठी लावायची.

"यमुनेने वाट दिली होती की!"

आता आपला तिसरा मित्र, देवाचं नाव घेऊन निघणारा. त्याच्या श्रद्धेबद्दल आदर आहे, पण त्याच्याशी जरा बोलायला हवं.

अष्टमीच्या मध्यरात्री पाऊस पडत होता, यमुना भोवऱ्यांनी खवळली होती, आणि वसुदेव टोपलीत बाळ घेऊन निघाला. शेषाने फणा धरला, नदीने वाट दिली. हे आपण उद्या रात्री ऐकणार, आनंदाने ऐकणार. पण वसुदेव का निघाला होता? कंसापासून बाळाला वाचवायला. मागे मरण होतं म्हणून तो पुढे पाण्यात उतरला. मौजेसाठी नाही, ठरलेला प्लॅन मोडायचा नाही म्हणून नाही, मित्रांनी भित्रा म्हणू नये म्हणून तर नाहीच नाही. दुसऱ्याला वाचवायला उचललेलं पाऊल ही श्रद्धा. स्वतःची हौस भागवायला उचललेलं तेच पाऊल म्हणजे देवाची परीक्षा घेणं.

या किनाऱ्याला हा फरक फार महाग पडलेला आहे. १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस. सणाला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली 'रामदास' बोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. ऐन पावसाळा. काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात ती कलली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य एक महिन्यावर आलं होतं, ते त्यांना दिसलं नाही. त्यांची श्रद्धा कमी पडली असं कोण म्हणेल? बोटीला तर समर्थांचंच नाव होतं. लाट नाव वाचत नाही. आणि जे थोडे वाचले, त्यांतल्या अनेकांना हात दिला तो कोळ्यांच्या होड्यांनी. ज्यांचं पोट त्या समुद्रावर, त्यांनीच त्या दिवशी गोवर्धन धरला.

हरिहरेश्वरला गेला असाल तर आठवा. देवळामागून पायऱ्या उतरून, समुद्राच्या खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे. ती वाट फक्त ओहोटीला मिळते. भरतीला किंवा समुद्र खवळलेला असताना तिथे उतरायचं नाही, हे गावातलं पोरगंसुद्धा सांगेल. प्रत्यक्ष देवाची प्रदक्षिणा, तीसुद्धा समुद्र मागे हटेपर्यंत थांबते! प्रदक्षिणा थांबली म्हणून भक्ती कमी होत नाही. थांबणं हाच त्या प्रदक्षिणेचा पहिला भाग आहे.

तेव्हा या वीकेंडला जर गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यामुळे बंद असतील, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो हवामानामुळे रद्द झाली, किनाऱ्यावर लाल बावटा लागला, पोलीस किंवा जीवरक्षक "पाण्यात उतरू नका" म्हणाले, तर ते भक्तीच्या आड आलेत असं समजू नका. अष्टमीच्या आसपास मोठं उधाण नसतं हे खरं, पण पावसाळी वाऱ्याने खवळलेल्या लाटा तिथी बघून येत नाहीत. आपण बुडायला लागलो तर आपल्याला काढायला कुणाचा तरी मुलगा पाण्यात उडी मारणार आहे. आपल्या धाडसाची थंडी त्याच्या आईला वाजायला नको.

साहित्य तेच, पूजा वेगळी

मघाशी बाजूला ठेवलेलं वाक्य आता उचलू. कृष्णाने इंद्राचा यज्ञ बदलला, पण जमवलेलं साहित्य फेकलं नाही. तेच तांदूळ, तेच दूध, तोच उत्साह. फक्त तोंड आकाशातल्या देवाकडून पायाखालच्या डोंगराकडे, गाईंकडे, उपाशी माणसाकडे वळवलं.

आपला प्लॅन बदलावा लागला तर आपल्याकडेही साहित्य तयारच आहे. तीन दिवसांची सुट्टी आहे. बाजूला काढलेले थोडे पैसे आहेत. सोबत वेळ घालवायला तयार असलेले चार मित्र आहेत. हे काहीच वाया गेलेलं नाही. तोंड कुठे वळवायचं, एवढंच ठरवायचंय.

बुकिंगच्या पैशांचा विषय तर व्यवहाराचाच आहे, आणि दुसऱ्या मित्राचं काही चुकीचं नाही. पण फोन करताना एवढं लक्षात ठेवा. पलीकडे वाडीतली दोन-चार खोल्या भाड्याने देणारी एखादी ताई असेल. तिने तुमच्यासाठी तांदूळ आणून ठेवलेत, चादरी त्या दमट हवेत कशाबशा वाळवल्यात. तिचा पावसाळा अशा चार सुट्ट्यांवर निघतो. "पैसे परत द्या" म्हणण्याआधी "ताई, तारीख पुढे ढकलली तर चालेल का? तिकडे पाऊस कसा आहे, सगळे बरे आहात ना?" असं विचारता येईल. आपला तोटा झाला तर तो आपला शीत-उष्ण. तिचा तोटा थोडा कमी करणं हा छोटासा गोवर्धन.

खालची गोष्ट, जी दिसत नाही

आणखी एक सांगतो आणि थांबतो. भागवत म्हणतं की कृष्णाने सात दिवस डोंगर धरला. तहान-भुकेचा विचार न करता, जागेवरून एक पाऊलही न हलता. वय किती? सात वर्षं.

म्हणजे तितिक्षा इथेही होतीच! फक्त ती गोपांना सांगितलेली नव्हती. ती उचलणाऱ्याने स्वतः, मुकाट्याने पाळली. गाई-वासरांना उब मिळाली ती त्याच्या न हललेल्या पावलांमुळे.

मला वाटतं, गीतेने तितिक्षा का शिकवली त्याचं उत्तर इथे आहे. मी माझ्या गारठ्याचं, माझ्या बुडालेल्या सुट्टीचं, माझ्या मूडचं कौतुक करत बसलो तर माझे दोन्ही हात त्यातच गुंततात. माझं मला फारसं टोचेनासं झालं की हात मोकळे होतात. आणि मोकळा हातच डोंगराखाली लागू शकतो. आपण दगडासारखे बधिर व्हावं म्हणून देव सोसायला सांगत नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडता यावं म्हणून सांगतो.

शनिवारी दहीहंडी बघाल तेव्हा वर चढणाऱ्या पोराकडे बघून झालं की जरा खालच्या थराकडे बघा. पाण्याचा मारा अंगावर घेत, मान खाली घालून, खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं. हंडी त्यांना दिसतही नाही. पण ती हलली नाहीत म्हणून वरचा पोचला.

या तीन दिवसांची साधना

१. उद्या सकाळी झेंडावंदनाआधी किंवा नंतर, भागवताचा पंचविसावा अध्याय मराठीतून वाचा. अर्धा तास पुरेल. थंडीने कुडकुडणाऱ्या गाई-गोपांच्या जागी आज कोण आहे, हे वाचताना डोळ्यासमोर आणा.

२. तीन दिवसांत पावसाबद्दल, ट्रॅफिकबद्दल, बुडालेल्या प्लॅनबद्दल तक्रार जिभेवर आली की मनात 'आगमापायी' म्हणा. तक्रार गिळायची नाही, नुसती येताना-जाताना बघायची.

३. एका भिजलेल्या माणसाची चौकशी करा. बिल्डिंगचा वॉचमन, जेवण घेऊन आलेला डिलिव्हरी बॉय, कामाला येणाऱ्या मावशी, गावाकडचे काका. नुसतं "काळजी घ्या" नाही. गरम चहा, कोरडा टॉवेल, "मावशी, आज येऊ नका, पगार कापणार नाही." एवढं केलं तर उद्या रात्रीच्या पाळण्याला नुसती फुलं नाही, थोडी उबही वाहिली जाईल.

४. किनाऱ्याला जाणारच असाल, तर इशाऱ्याचा रंग बघून जा, स्थानिक माणूस सांगेल ते ऐका, आणि समुद्राला लांबून नमस्कार करा. तो लांबूनही पोचतो.

प्रार्थना

हे गोवर्धनधारी, माझ्या वाट्याला आलेली थंडी मला हसत सोसता येऊ दे. दुसऱ्याच्या वाट्याला आलेली मला सोसवू नये, असं माझं मन कर. दर्यावर असलेल्यांना किनाऱ्याला आण. डोंगराखाली झोपलेल्यांची रात्र सुखाची जाऊ दे. आणि तू डोंगर धरून उभा असशील तिथे माझीही एक काठी लागू दे.

उद्या रात्री बारा वाजता जन्म आहे. जागे राहा, उबेत राहा.

राम कृष्ण हरी.